कुटुंब म्हणजे कोण? ख्रिस्ती धर्मातला आपलेपणाचा अर्थ



भद्रावतीच्या मुलांना वेगवेगळे धर्म फक्त पुस्तकातूनच कळतात असं नाही. भद्रनागाचं मंदिर, पार्श्वनाथाचं जैन मंदिर, विजासनची बौद्ध लेणी हे सगळं त्यांच्या सायकलच्या टप्प्यात आहे. आयुध निर्माणी आणि कोळसा खाणींमुळे देशभरातली माणसं या भागात आली. केरळातल्या सिरो-मलबार परंपरेचं चांदा धर्मक्षेत्र १९६२ मध्ये स्थापन झालं, त्याचं मुख्य ठिकाण बल्लारपूर. त्यामुळे 'फादर', 'सिस्टर' हे शब्द आपल्याकडच्या मुलांना नवे नाहीत. पण कधीतरी एखादं चौकस पोर विचारतंच: "ज्यांचं लग्नच नाही झालं त्यांना फादर कसं म्हणायचं?"

प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. ख्रिस्ती धर्मातली कुटुंबाची कल्पना समजून घ्यायला याच्याइतकी चांगली वाट दुसरी नाही.

आधी आपल्याच भाषेतला एक शब्द बघा. मराठी बायबलमध्ये चर्चला, म्हणजे श्रद्धावंतांच्या समुदायाला, 'मंडळी' म्हटलं आहे. जुन्या मराठीत घरच्या माणसांना, अगदी बायकोलासुद्धा, 'आमची मंडळी' म्हणायची पद्धत होती. एकच शब्द घरालाही आणि देवाच्या समुदायालाही! मला हा योगायोग फार बोलका वाटतो.

शुभवर्तमानात एक प्रसंग आहे. येशू घरात लोकांना शिकवत असताना आई आणि भाऊ बाहेर येऊन थांबल्याचा निरोप येतो. तो भोवती बसलेल्यांकडे पाहून सांगतो की देवाच्या इच्छेप्रमाणे वागणारे हेच माझे आई, भाऊ आणि बहीण. ऐकायला जरा कठोर वाटतं. पण हाच येशू वधस्तंभावर असताना आईला एका शिष्याच्या हवाली करतो. आजपासून ही तुझी आई, असं त्याला सांगतो. म्हणजे रक्ताचं नातं तो टाकून देत नाही, नात्याचं दार मोठं करतो. फादर, सिस्टर, ब्रदर ही हाक त्यातूनच आली.

पौलाच्या पत्रांत यासाठी चक्क दत्तकाची उपमा आहे. दत्तक मूल उपरं नसतं, त्याला वारसाचा पूर्ण हक्क मिळतो. तसा माणूस देवाच्या घरात येतो. (आपल्या देशात मात्र ख्रिस्ती दांपत्यांसाठी दत्तकाचा वेगळा कायदा नव्हता. गोव्यासारखे अपवाद सोडले तर १८९० च्या कायद्याखाली ती बहुतेक वेळा मुलाचे फक्त 'पालक' होऊ शकत. बाल न्याय कायद्याने ही वाट मोकळी केली आणि कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला त्याखाली दत्तक घेता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलं.)

आता ही कल्पना प्रत्यक्ष घरात उतरते तेव्हा काय होतं? नारायण वामन टिळकांचं उदाहरण घ्या. मराठीच्या शिक्षकांना ते कवी म्हणून माहीत आहेतच. नागपूरकडून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपीय प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांना नवी मंडळी मिळाली, पण घरची मंडळी तुटली. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. जवळजवळ पाच वर्षांची ही ताटातूट. त्या काळी जातीबाहेर जाणं म्हणजे जेवणाची पंगत, पाणवठा, सणवार सगळंच सुटणं. पुढे त्या नवऱ्याकडे आल्या, पण लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. सोवळं-ओवळं हळूहळू सुटलं, आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. हे सगळं त्यांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये इतकं हसत-हसत लिहिलंय की वाचताना त्यामागचं दुःख पटकन लक्षात येत नाही. वाचलं नसेल तर या सुट्टीत जरूर वाचा.

म्हणूनच मुलांना सांगताना फक्त 'ख्रिस्ती धर्म सगळ्यांना कुटुंब मानतो' एवढं गोड वाक्य सांगून थांबू नये. नव्या घरासाठी कुणीतरी जुनं घर गमावलेलं असतं. आणि सगळ्यांच्या म्हणवणाऱ्या त्या घरातही जात काही ठिकाणी मागच्या दाराने शिरली, हेही खरं.

पण टिळकांच्या घराची पुढची गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. त्यांच्या नगरच्या घरात परकी पोरं वाढली. त्यातलाच एक त्र्यंबक बापूजी ठोंबरे, आपले बालकवी. लक्ष्मीबाईंनी त्यांना आईच्या मायेने सांभाळलं. ठोंबरे शेवटपर्यंत हिंदूच राहिले. त्या घरात त्यांचं असणं धर्मावर अवलंबून नव्हतं. १९१७ मध्ये टिळकांनी 'देवाचा दरबार' सुरू केला, त्यात तर बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही जागा होती. मिशनच्या चौकटीत हे बसणारं नव्हतं, आणि ती चौकट त्यांनी सोडली.

पंडिता रमाबाईंचं घर आणखी निराळं. आई-वडील दुष्काळात गेले, पुढे भाऊ गेला, नवरा गेला. १८९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या (आपला चांदा जिल्हा तेव्हा याच प्रांतात होता) आणि शेकडो निराधार मुली-बायकांना सोबत घेऊन गेल्या. केडगावचं मुक्ती सदन त्यातून उभं राहिलं.

याचा वर्गात उपयोग काय? 'माझे कुटुंब' हा निबंध आपण दरवर्षी देतो, वंशवृक्ष काढायला सांगतो. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत किती मुलं आश्रमशाळेत, वसतिगृहात, नाहीतर आजीकडे राहतात! त्यांच्या चौकटी रिकाम्या राहतात आणि ती शेजारच्याच्या वहीत बघत बसतात. पुढच्या वेळी झाडाऐवजी एक गोल काढायला सांगा. मधे स्वतः, आणि भोवती हे तिघं: आजारी पडल्यावर कोण जवळ बसतं, जेवलास का म्हणून कोण विचारतं, उशीर झाला तर कोण वाट बघतं. त्या गोलात वसतिगृहाच्या मावशी येतील, मित्राची आई येईल, एखाद्या वहीत सिस्टरही येतील. मग फादरला फादर का म्हणतात हा प्रश्न पुन्हा वर्गापुढे टाका आणि उत्तर मुलांनाच देऊ द्या.