शिकाऊ उमेदवारी : शिक्षणाकडून रोजगाराकडे

काम करण्याची इच्छा आहे, क्षमता आहे, कामाचा शोधही चालू आहे, तरीही काम मिळत नाही, अशा स्थितीला बेरोजगारी म्हणतात. ही स्थिती कोणत्याही वयात क्लेशदायक असते. परंतु तारुण्यात तिचे परिणाम अधिक दूरगामी ठरतात. शिक्षण संपल्यानंतरची पहिली काही वर्षे काम अंगवळणी पडण्याची असतात. ती रिकामी गेली, तर शिकलेले विसरले जाते आणि आत्मविश्वास खचतो. केंद्र शासनाच्या श्रमबल पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या दर शंभर व्यक्तींमागे सुमारे तीन व्यक्ती बेरोजगार होत्या. १५ ते २९ या वयोगटात मात्र हेच प्रमाण शंभरामागे दहा होते. २०१७-१८ मध्ये ते जवळजवळ अठरा होते. म्हणजे परिस्थिती सुधारली. परंतु तरुणांचा प्रश्न इतरांहून बिकटच राहिला.

तरुणांपुढील मुख्य अडचण अनुभवाची असते. अनुभव नाही म्हणून नोकरी मिळत नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव मिळत नाही. पूर्वी गावातील सुताराचा किंवा लोहाराचा मुलगा वडिलांच्या हाताखाली काम करता करता कारागीर होत असे. शिकणे आणि काम करणे यांत अंतर नव्हते. मात्र कोणी कोणते काम शिकावे, हे जन्मानेच ठरत असे. कारखानदारी आली, तेव्हा जन्माचे बंधन सैल झाले; परंतु हाताखाली शिकण्याची सोयही राहिली नाही. ती नव्या स्वरूपात निर्माण करणे आवश्यक ठरले.

ही नवी सोय कशी उभी राहिली, हे आवडीच्या उदाहरणावरून समजते. मुंबईहून रेल्वेने चेन्नईला जाताना शहर येण्यापूर्वी आवडी लागते. जानेवारी १९५५ मध्ये उच्छंगराय ढेबर यांच्या अध्यक्षतेखाली येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचे ध्येय स्वीकारणारा ठराव संमत झाला. पुढील वर्षी सुरू झालेल्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत अवजड उद्योगांवर भर देण्यात आला. रोजगाराच्या संधी वाढवणे हेही तिचे एक उद्दिष्ट होते. १९६१ मध्ये आवडीतच लष्करी रणगाडे बनवणारा अवजड वाहन कारखाना स्थापन झाला. १९६५ मध्ये तेथून ‘विजयंता’ हा पहिला रणगाडा बाहेर पडला.

असा कारखाना केवळ यंत्रांवर चालत नाही. त्याला जोडारी म्हणजे फिटर, कातारी म्हणजे टर्नर, संधाता म्हणजे वेल्डर असे कुशल हात लागतात. हे कौशल्य केवळ पुस्तकातून येत नाही. १९६१ मध्येच संसदेने शिकाऊ उमेदवारी कायदा संमत केला, हे या दृष्टीने लक्षात घेण्यासारखे आहे. या कायद्याने कारखान्यांवर ठरावीक संख्येने शिकाऊ उमेदवार घेण्याचे बंधन घातले. उमेदवार आणि मालक यांच्यात करार होतो व त्याची नोंदणी होते. उमेदवार आधी मूलभूत प्रशिक्षण घेतो, मग प्रत्यक्ष यंत्रावर काम शिकतो. या काळात त्याला वेतनाऐवजी विद्यावेतन मिळते. शेवटी परीक्षा होते आणि उत्तीर्ण झालेल्यास देशभर मान्य असलेले प्रमाणपत्र मिळते. काही व्यवसायांत आठवी उत्तीर्ण उमेदवारांनाही प्रवेश असतो. १९७३ मध्ये अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक आणि २०१४ मध्ये इतर शाखांचे पदवीधरही या कायद्याच्या कक्षेत आले. २०१६ पासून विद्यावेतनाचा काही भार केंद्र शासन उचलू लागले.

तथापि, या व्यवस्थेची मर्यादाही समजून घेतली पाहिजे. मुदत संपल्यावर उमेदवाराला नोकरी देण्याचे बंधन कायद्याने मालकावर घातलेले नाही. करारात तशी अट असेल, तरच ते लागू होते. आवडीसारख्या मोठ्या कारखान्यातही शिकाऊ उमेदवारी म्हणजे कायम नोकरी नव्हे. हाच प्रश्न महाराष्ट्रात २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेतही उपस्थित झाला. या योजनेत १८ ते ३५ वयोगटातील तरुणांना सहा महिने कार्यालयांत व उद्योगांत प्रत्यक्ष काम शिकण्याची संधी देण्यात आली. शिक्षणानुसार दरमहा ६,०००, ८,००० किंवा १०,००० रुपये विद्यावेतन ठरले. मुदत संपत आली, तेव्हा पुढे काय, असा प्रश्न प्रशिक्षणार्थी विचारू लागले आणि २०२५ मध्ये मुदत वाढवण्यात आली. मुदतवाढीने अनुभव वाढतो. परंतु नवी पदे निर्माण होत नाहीत.

यावरून शासकीय साहाय्याचे तीन भाग वेगवेगळे ओळखता येतात. पहिला भाग माहितीचा. १९४५ मध्ये सैन्यातून परतणाऱ्या जवानांसाठी सुरू झालेली सेवायोजन कार्यालये आणि २०१५ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय करिअर सेवा रिक्त जागा व उमेदवार यांची गाठ घालून देतात. दुसरा भाग प्रशिक्षणाचा. औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि शिकाऊ उमेदवारी त्यात येतात. तिसरा भाग प्रत्यक्ष रोजगार निर्माण करण्याचा. पहिले दोन भाग तरुणाला दारापर्यंत नेतात. दार उघडण्याचे काम तिसऱ्या भागाचे आहे. म्हणून किती जणांनी नावे नोंदवली, यापेक्षा प्रशिक्षणानंतर किती जणांना काम मिळाले, यावरून योजनेचे यश मोजणे योग्य ठरते.

उमेदवारानेही प्रवेश घेण्यापूर्वी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. कराराची नोंदणी झाली आहे का? विद्यावेतन किती व केव्हा मिळेल? शेवटी परीक्षा होऊन मान्यताप्राप्त प्रमाणपत्र मिळणार का? नोकरीबाबत करारात काय लिहिले आहे? मुदतीनंतर नोकरी तेथे मिळाली नाही, तरी हातातील कौशल्य आणि त्याचे प्रमाणपत्र उमेदवाराजवळच राहते. पुढच्या ठिकाणी तो अननुभवी म्हणून नव्हे, तर काम जाणणारा कारागीर म्हणून उभा राहतो.