बाटली क्रमांक ५३-एन

सूक्ष्मजीवशास्त्राचा इतिहास म्हटला की लेवेनहुकची भिंगं, पाश्चरचे चंबू आणि कॉखचा क्षयजंतू ही त्रिस्थळी यात्रा ठरलेली. ती वाचकांची झालेलीच असेल, म्हणून थेट परळ गाठू. वाल्डेमार हाफकिननं मला अनेक वर्षं झपाटलं आहे. त्याच्या लशीपेक्षाही त्याच्यावर आलेल्या किटाळानं.

ओडेसाचा हा ज्यू तरुण मेचनिकॉफचा विद्यार्थी. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये तो शिरला तो ग्रंथालयातला साहाय्यक म्हणून. १८९२ साली पटकीची लस त्यानं आधी स्वतःला टोचली आणि पुढच्या वर्षी हिंदुस्थान गाठला. सप्टेंबर १८९६मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस या गोंयकार डॉक्टरांनी मांडवीत प्लेग ओळखला आणि हाफकिनला मुंबईत पाचारण झालं. ग्रँट मेडिकल कॉलेजातली एक खोली, बाहेरचा व्हरांडा, एक कारकून, तीन शिपाई. सरंजाम एवढाच.

पण काम बघण्यासारखं होतं. चंबूत बोकडाच्या मांसापासून केलेला रस, त्यावर तरंगणारे तुपाचे थेंब. प्लेगचे जंतू त्या थेंबांना धरून वाढत आणि धाग्यांसारखे खाली लोंबू लागत. चंबू हलवला की धागे तळाशी झडत आणि वर नवे फुटत. पुरेसं पीक आलं की ६५ ते ७० अंशांवर तासभर तापवून जंतू मारायचे. १० जानेवारी १८९७ला हाफकिननं ही लस स्वतःच्या अंगात घेतली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात कैद्यांना टोचली गेली. १८९९मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये गेली.

मग मलकोवाल. पंजाबातलं हे खेडं, तारीख ३० ऑक्टोबर १९०२. त्या दिवशी १०७ जणांना लस दिली गेली. त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. एकोणीसही जणांची लस एकाच बाटलीतली होती, ५३-एन. बाटली परळची.

मुंबईचे सरन्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. तिचा निष्कर्ष असा की बाटली उघडण्याआधीच, म्हणजे परळलाच दूषित झाली. हाफकिननं लशीत कार्बोलिक अॅसिड घालणं बंद करून उष्णतेवर भिस्त ठेवली होती, हेही त्याच्या अंगाशी आलं. त्याला पदावरून दूर केलं गेलं.

समितीसमोरच्या जबान्यांत मात्र एक चिमटा होता. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून तो जमिनीवर पडला होता. नियमाप्रमाणे तो ज्योतीवर धरायला हवा होता; त्यानं तो कार्बोलिकच्या पाण्यात नुसता बुचकळला. धनुर्वाताचे बीजाणू मातीत असतात आणि ते चिवट असतात. एवढी गोष्ट ध्यानात घेतली तरी संशयाची दिशा बदलते. समितीनं ती बदलू दिली नाही.

हिवतापाच्या शोधासाठी नोबेल मिळवलेला रोनाल्ड रॉस आणि लंडनच्या किंग्ज कॉलेजातला डब्ल्यू. जे. सिम्पसन यांनी ही गाठ सोडवली. धनुर्वाताचे जंतू रसात वाढले की त्याला घाण वास सुटतो. डॉक्टरांना बाटली उघडताना तसा वास आला नव्हता. शिवाय जंतू पाच-सहा आठवडे बाटलीत वाढले असते तर विषही साचलं असतं आणि लक्षणं लवकर दिसली असती. इथे तर माणसं आठवडाभरानं आजारी पडली. जंतू गावातच शिरले असतील तर कार्बोलिकचा मुद्दा निकालीच निघतो. लिस्टर इन्स्टिट्यूटलाही समितीचा निष्कर्ष पटला नाही. पण कागदपत्रं प्रसिद्ध व्हायला १९०६ची अखेर उजाडली. जुलै १९०७मध्ये रॉससह दहा शास्त्रज्ञांचं पत्र 'टाइम्स'मध्ये आलं, तेव्हा कुठे सरकार नमलं.

न्यायाधीशाला जंतूंचं ज्ञान नसावं, यात नवल नाही. खटकतं ते हे, की 'जंतू कधी शिरला' हा प्रयोगशाळेचा प्रश्न सोडून 'दोष कुणाचा' हा कचेरीचा प्रश्न आधी सोडवला गेला. गोऱ्या अधिकारशाहीत हा रशियन ज्यू उपराच होता, आणि उपऱ्यावर खापर फोडणं सोयीचं असतं. पंजाबच्या धडाक्याच्या मोहिमेनं खेड्यापाड्यांत घाईनं सुया पाठवल्या, त्या घाईची झडती कुणाला नको होती.

हाफकिन कामावर परतला, पण कलकत्त्याला; तिथे लस बनवायची सोय नव्हती. १९२५मध्ये परळच्या संस्थेला त्याचं नाव दिलं गेलं, तेव्हा तो हयात होता. माझ्या लेखी ही भरपाई तोकडी आहे. त्याला परळची प्रयोगशाळा हवी होती, मिळाली ती पाटी.