लाळ पुसणारा हात

जोयड्याच्या रानवस्तीतील एखाद्या घरी मोटर न्यूरॉन रोगाने पीडित आप्ताची लाळ गळू लागली, की त्याला चारचौघांत बसविण्याचा संकोच वाटतो. वास्तविक लाळ वाढलेली नसते. गिळण्याचे स्नायू दुबळे झाल्याने ती मुखात साचते. बुद्धी बहुधा शाबूत असते.

रोग्यास ताठ बसवावे, मानेस आधार द्यावा, मुख स्वच्छ ठेवावे. ग्लायकोपायरोलेट, ॲमिट्रिप्टिलिन ही औषधे लाळ कमी करतात; परंतु ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावीत, कारण लाळ घट्ट होऊन घशात अडकू शकते. गुण न आल्यास लाळग्रंथींत बोट्युलिनमची सुई देतात. लाळ ओढून घेणारे यंत्रही मिळते.

बहिऱ्या-तोतऱ्याच्या जिभेला प्रभूने स्वतः स्पर्श केला (मार्क 7:33). मग आप्ताची लाळ पुसताना आपण किळस का मानावी?