टाकी मोठी, दाब तेवढाच : शाळेतील भौतिकशास्त्राविषयीचे गैरसमज

पुण्यातल्या धायरी फाट्यावरून गावाकडे वळले, की नववी-दहावीच्या शिकवण्यांच्या पाट्या दिसू लागतात. तिथे आणि आसपासच्या शाळांत बल, दाब, विद्युतधारा यांचे धडे घेतले जातात. ते घेताना एक गोष्ट सहज विसरली जाते. या विषयांवर मुलांची मते आधीच ठरलेली असतात. सायकल, नळ, पंखा आणि ऊन यांच्याशी रोज संबंध येत असताना ती ठरणारच. ही मते खुळचट नसतात. त्यामागचा अनुभव बहुधा खरा असतो, चुकतो तो त्यावरून काढलेला निष्कर्ष. फळ्यावर नियम लिहून दिला तरी जुने मत आत तसेच राहते, म्हणून ते समोर मांडून पुराव्याने खोडावे लागते. पुढच्या समजुती घरातल्या मोठ्यांच्याही तोंडी असतात.

वस्तू चालती ठेवायची, तर तिला सतत ढकलत राहावे लागते.

हातगाडी ढकलणे थांबवले की ती थांबते, आणि पायडल मारणे सोडले की सायकल मंदावते. हा अनुभव इतका पक्का आहे, की ॲरिस्टॉटलनंतर जवळजवळ दोन हजार वर्षे तो शास्त्र म्हणून शिकवला गेला. या हिशेबातून घर्षण निसटते. गाडी थांबते, कारण चाक, आस आणि रस्ता यांच्यातले घर्षण तिच्या गतीविरुद्ध काम करत असते. कॅरमबोर्डवर पावडर टाकली, की तेवढ्याच टिचकीत सोंगटी कितीतरी पुढे जाते. घर्षण आणखी कमी केले, तर ती आणखी लांब जाईल. 1977मध्ये सोडलेले व्हॉयेजर-1 हे यान आज इंजिनाने पुढे ढकलले जात नाही. सूर्याचे गुरुत्वाकर्षण त्याला किंचित मागे ओढत असूनही ते सेकंदाला सुमारे 17 किलोमीटर वेगाने दूर जात आहे.

हा गैरसमज किती खोल रुजलेला आहे, ते एका साध्या प्रश्नाने कळते : वर फेकलेले नाणे वर जात असताना त्यावर कोणते बल काम करते? अमेरिकेत जॉन क्लेमेंट यांनी हा प्रश्न अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना विचारला आणि 1982मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बहुसंख्य विद्यार्थ्यांनी नाण्यावर वरच्या दिशेने बल दाखवले होते. धायरीतल्या नववीच्या वर्गातही हाच बाण वहीत काढला जातो, यात नवल नाही. हात सुटल्यावर हाताचे बल संपलेले असते. हवेचा नगण्य विरोध सोडला, तर नाण्यावर फक्त गुरुत्वाकर्षण उरते. ते वर जाताना, खाली येताना आणि शिखरावर क्षणभर वेग शून्य झाला असतानाही तेवढेच असते. वर जाणाऱ्या नाण्यापाशी असतो तो वेग, आणि वेग टिकवायला बल लागत नाही. बल लागते ते वेग बदलायला. सिंहगड रस्त्यावर पीएमपीच्या बसने करकचून ब्रेक दाबला, की उभे प्रवासी पुढे जातात. त्यांना कोणीही ढकललेले नसते. बसचा वेग बदलला आणि त्यांचा बदलायचा राहिला, एवढेच झालेले असते.

जड वस्तू आधी जमिनीवर पडते.

दगड आणि पीस एकत्र सोडले तर दगड आधी पडतो, हे खरेच आहे, पण त्याचे कारण हवा आहे. वहीवर तिच्याहून लहान कागदाचा कपटा ठेवून वही आडवी सोडावी. कपटा मागे राहत नाही, कारण हवेला बाजूला सारण्याचे काम वही करते. ऑगस्ट 1971मध्ये अपोलो-15च्या डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडी आणि पीस एकाच वेळी सोडले. तिथे हवा नसल्याने दोन्ही एकदमच खाली आले.

छतावरची टाकी मोठी केली, की नळाला जोर येतो.

टँकरवर अवलंबून राहिलेल्या भागात ही समजूत पिढीजात असल्यासारखी ऐकू येते. हजार लिटरच्या जागी पाच हजार लिटरची टाकी बसवली, तरी वरच्या मजल्यावरच्या शॉवरची धार पूर्वीसारखीच राहते. मग प्लंबरला दोष दिला जातो. स्थिर पाण्याचा दाब त्याच्या खोलीवर ठरतो, साठ्यावर नाही. दर 10 मीटर खोलीला तो साधारण एका वातावरणाइतका वाढतो. पाच मजली इमारतीत तळमजल्याच्या नळावर सुमारे 15 मीटरचा पाण्याचा स्तंभ उभा असतो, तर वरच्या घराच्या वाट्याला दोन-तीन मीटरच येतात. टाकीखालचा ओटा दोन मीटरने उंच केला तर वरच्या घराला फरक जाणवेल. टाकी रुंद केल्याने पाणी जास्त वेळ पुरेल, पण जोर वाढणार नाही.

हाच नियम खडकवासला धरणाला लागू आहे. धरणाच्या मागे जलाशय किती लांबवर पसरला आहे, याचा भिंतीवरच्या दाबाशी संबंध नाही. भिंतीलगत पाणी किती खोल आहे, याचा आहे. म्हणून धरणाची भिंत पायथ्याशी जाड आणि माथ्याशी अरुंद बांधतात. हे पुण्यात पटवणे कठीण जाते आणि त्याचे कारणही समजण्यासारखे आहे. 12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही गेले आणि शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. साठा किती मोठा होता, याची ती भीषण आठवण आहे. धरण फुटल्यावर किती पाणी येईल आणि किती वेळ येत राहील, हे साठ्यावर ठरतेच. पण भिंत उभी असताना तिच्यावर पडणारा दाब ही वेगळी राशी आहे. आठवणीत त्या दोन्ही एक झालेल्या असतात. वर्गात त्या वेगळ्या करून दाखवल्या, तर द्रवदाबाचा धडा कायमचा समजतो.

दिव्यातून जाताना विद्युतधारा खर्च होते.

सेल संपतो, मीटरचे आकडे पुढे सरकतात आणि महावितरणचे बिल येते. काहीतरी खर्च होते, यात शंका नाही. मात्र खर्च होते ती ऊर्जा. बिलातले युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, म्हणजे ऊर्जेचे माप. साध्या परिपथात दिव्याच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन ॲमीटर जोडले, तर दोन्ही सारखाच आकडा दाखवतात. जितका प्रभार दिव्यात शिरतो तितकाच बाहेर पडतो, फक्त जाताना ऊर्जा देऊन जातो. ही जोडणी पाच मिनिटांची आहे. ती न दाखवता ओहमच्या नियमावरची उदाहरणे सोडवून घेणे, ही शिकवण्यातली चूक आहे.

सूत्रे पाठ झाली, की भौतिकशास्त्र आले.

परीक्षेत गुण मिळतात, म्हणून हा समज टिकून आहे. पण डंपर आणि दुचाकी यांची धडक झाली तर कोण कोणावर जास्त बल लावते, असे विचारून पाहावे. क्रियाबल आणि प्रतिक्रियाबल समान असतात, हे तोंडपाठ असलेली मुलेही ‘डंपर’ म्हणतात. दुचाकीचा चुराडा डोळ्यांसमोर असतो आणि तो नियमाहून बलवान ठरतो. दोन्ही बले समानच असतात. दुचाकीचे वस्तुमान कमी असल्याने तेवढ्याच बलाने तिचा वेग फार झपाट्याने बदलतो आणि हानी तिच्या वाट्याला येते. हार्वर्ड विद्यापीठात 1990च्या सुमारास एरिक माझूर यांना हेच आढळले. पुस्तकातली अवघड गणिते सोडवणारे त्यांचे विद्यार्थी असल्या साध्या प्रश्नांना अडखळत होते. त्यांनी व्याख्याने कमी केली आणि विद्यार्थ्यांना एकमेकांशी वाद घालायला लावले. सूत्र लागतेच, पण ते कशाबद्दल बोलते आहे हे ठाऊक नसेल, तर ती केवळ अक्षरे राहतात.

उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ असते.

चुलीजवळ गेले की ऊब वाढते, तेव्हा हा तर्क स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे 14 कोटी 71 लाख किलोमीटरवर. पुण्यात तेव्हा थंडी असते. सर्वांत दूर, सुमारे 15 कोटी 21 लाख किलोमीटरवर, ती जुलैच्या सुरुवातीला जाते. शिवाय अंतर हे कारण असते, तर ऑस्ट्रेलियात डिसेंबरमध्ये आणि इथे मेमध्ये उन्हाळा आला नसता. कारण आहे पृथ्वीच्या आसाचा साडेतेवीस अंशांचा कल. त्याने किरण किती सरळ पडतील आणि दिवस किती मोठा असेल, ते ठरते. पुण्यात सूर्य वर्षातून दोनदा डोक्यावर येतो, मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस. दुसऱ्या वेळी ढग असतात, म्हणून तो जाणवत नाही.

प्रयोगासाठी सुसज्ज प्रयोगशाळा हवी.

शाळेकडे खोली नाही, साहित्य नाही, या तक्रारी खऱ्या आहेत आणि त्या मांडल्याच पाहिजेत. पण त्या कारणाने प्रयोग वगळणे पटत नाही. पुण्यातच आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी स्ट्रॉ, काडेपेटी, सायकलच्या ट्यूबमधली व्हॉल्व्ह-नळी अशा टाकाऊ वस्तूंतून प्रयोग उभे केले. गिरगावच्या शाळेत भावे सरांनी मुलांना उन्हात नेऊन भिंगाने कागद जाळून दाखवला, ही आपल्या शाळेतली आठवण शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर यांनी अनेकदा सांगितली आहे. त्याला एक भिंग आणि ऊन एवढेच लागले होते.

धायरीच्या कोणत्याही गच्चीवर 13 मेच्या आसपास सरळ काठी उभी करून सावली मोजता येते. सावली नाहीशी होते ती बाराला नाही, तर साडेबाराच्या सुमारास. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशाची आहे आणि पुणे त्याच्या पश्चिमेला, साधारण 73.9 अंशांवर आहे. दर अंशाला चार मिनिटे धरली, की हा उशीर दहावीच्या मुलांना स्वतःच काढता येतो. त्यातून काही मिनिटांचा फरक उरेल. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याने आणि आस कललेला असल्याने घड्याळाचा मध्यान्ह आणि सूर्याचा मध्यान्ह वर्षभर थोडे पुढेमागे होत राहतात, त्यामुळे तो येतो.