निराधारचा पगार आणि कामाला न मिळणारी माणसं

पुण्याच्या धायरी-नऱ्हे भागातल्या छोट्या कारखान्यांच्या गल्ल्यांत हल्ली एक वाक्य सारखं कानावर पडतं. "सरकार घरबसल्या अडीच हजार देतंय, मग अपंग माणूस कामाला येईल कशाला?" चहाच्या टपरीवर ऐकू येतं, सोसायटीच्या ग्रुपवरही वाचायला मिळतं. बोलणारे बहुतेक जण व्यवहाराला पक्के असतात. म्हणून आधी हिशेबच मांडू.

संजय गांधी निराधार अनुदान योजना 1980 पासून चालू आहे. लोक तिला 'निराधारचा पगार' म्हणतात. 2019 पर्यंत महिन्याला 600 रुपये मिळत, मग 1000 झाले, 2023 मध्ये 1500. दिव्यांगांसाठी 2500 झाले ते ऑक्टोबर 2025 पासून. बिगारी कामाची हजेरी 700 रुपये धरली, तर ही चार दिवसांचीसुद्धा मजुरी होत नाही. एवढ्या पैशात धायरीत एक खोली भाड्याने मिळते का, हे ते वाक्य बोलणाऱ्यांनी एकदा चौकशी करून पाहावं.

आता तारखा लावून पाहा. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची 76वी फेरी जुलै ते डिसेंबर 2018 मध्ये झाली. त्यात 15 वर्षांवरच्या दिव्यांगांपैकी काम करणारे किंवा काम शोधणारे होते 23.8 टक्के. एकूण लोकसंख्येत हेच प्रमाण त्या सुमारास 50 टक्क्यांच्या आसपास होतं. तेव्हा महाराष्ट्रात निराधारचा पगार होता 600 रुपये. सरकारची काही ना काही मदत मिळणारे दिव्यांग देशभरात होते 21.8 टक्के, आणि तीन चतुर्थांशांहून जास्त लोकांना कुठूनच काही मिळत नव्हतं. ज्यांच्या हातात पैसाच पडत नव्हता, त्यांतलेही बहुतेक कामावर नव्हते. मग पैशामुळे माणसं कामाला येत नाहीत, हे म्हणायचं कशाच्या जोरावर?

अमेरिकेतही हा आरोप जुना आहे. जॉन बाऊंड या अर्थतज्ज्ञाने 1989 च्या अभ्यासात, ज्यांचे अपंगत्व-लाभाचे अर्ज नामंजूर झाले होते, अशा पुरुषांची माहिती तपासली. लाभ मिळाला नाही म्हणून ते कामावर परतले असतील अशी अपेक्षा होती. पण त्यांतले निम्म्याहून कमी लोक काम करत होते. तिथल्या कोळशाच्या पट्ट्यातही खाणी जोरात चालल्या तेव्हा लाभ घेणारे कमी झाले आणि खाणी मंदावल्यावर वाढले. आधी रोजगार आटला, मग अर्ज आले.

आपल्याकडे काम आणि मदत यांच्यात खरी अडचण घालणारी गोष्ट आहे ती उत्पन्नाची अट. दिव्यांगासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50,000 रुपयांच्या आत असावं लागतं. माणसाचं नव्हे, अख्ख्या घराचं. महिन्याला साधारण 4,160 रुपये. बायकोने सोसायटीतल्या दोन-तीन घरची धुणीभांडी धरली, तरी घर या मर्यादेबाहेर जातं. म्हणजे दिव्यांग माणसाने पगारपत्रक असलेली नोकरी धरायची, तर मदत गमावण्याची तयारी ठेवून. ती नोकरी चार महिन्यांत सुटली, की उत्पन्नाच्या दाखल्यापासून सगळं पुन्हा. लाडकी बहीण योजनेला याच राज्यात मर्यादा आहे अडीच लाखांची. हा फरक कोणत्या न्यायाने, हे कुणीतरी समजावून सांगावं.

आणि कायदा? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 24 सांगतं की तशाच योजनेत इतरांना मिळतं त्यापेक्षा दिव्यांगांना किमान 25 टक्के जास्त द्यावं. कायदा एप्रिल 2017 मध्ये लागू झाला. तरी सप्टेंबर 2025 पर्यंत निराधार योजनेत विधवेला 1500 आणि दिव्यांगालाही 1500 मिळत होते. आज 2500 मिळतात, त्याला खैरात म्हणणाऱ्यांनी हे कलम वाचावं.

कारखान्यात एकदा नीट नजर फिरवली तरी बरंच कळतं. शटरच्या उंबऱ्याला दोन पायऱ्या, आत अंगावर येणारी यंत्रं, स्वच्छतागृह लोखंडी जिन्याने पोटमाळ्यावर. कुबडीवरचा माणूस तपासणी, पॅकिंग, स्टोअरची नोंद हे सगळं बसून करू शकतो, पण दिवसभर लघवी रोखून कोण काम करेल? पॉवर प्रेसवर बोटं गेलेल्या कामगाराबद्दलही, पैसे मिळाले की तो कामाला येणार नाही, असाच गैरसमज आहे. तो कर्मचारी राज्य विमा योजनेत असेल, तर कमाईची क्षमता जेवढी कमी झाली त्या प्रमाणात त्याला आयुष्यभर दरमहा रक्कम मिळते, आणि तो पुन्हा कामावर गेला म्हणून ती बंद होत नाही. काम आणि मदत एकत्र नांदू शकतात, हे आपल्याच देशातली एक योजना दाखवते आहे.

अशीच आणखी काही वाक्यं कानावर पडतात. "अपंगत्वाची निम्मी प्रमाणपत्रं खोटी असतात." बोगस प्रकरणं घडतात, 2024 मध्ये पुण्यातच एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून गदारोळ झाला. पण तिथे पणाला लागलेली असते राखीव जागा. तिच्यासाठी खोटेपणा करणाऱ्याचा राग महिना 2500 वर जगणाऱ्यावर काढू नका.

"अपंगत्वाचं कार्ड निघालं की पैसे आपोआप सुरू." नाही. त्यासाठी अर्ज वेगळा, उत्पन्नाचा दाखला वेगळा, शिवाय दरवर्षी हयातीचा दाखला.

"केंद्राचीही पेन्शन मिळते ना?" मिळते, 80 टक्के अपंगत्व आणि दारिद्र्यरेषेखालचं घर असेल तर. महिना 300 रुपये.

"सरकारी नोकऱ्या यांनाच." आरक्षण 4 टक्के आहे, आणि कायद्यात अपंगत्वाचे प्रकार 21 आहेत. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, पार्किन्सनसुद्धा त्यात येतात.

उत्पन्नाची मर्यादा निदान लाडक्या बहिणीएवढी, अडीच लाख करावी, ही मागणी आपल्या आमदाराकडे लेखी द्या. आणि माणूस मिळत नाही म्हणणाऱ्या कारखानदारांनो, शटरपाशी एक उतार आणि तळमजल्यावर एक स्वच्छतागृह बांधा, मग 'दिव्यांग उमेदवारांनी अर्ज करावा' अशी पाटी लावा.