नेपाळी ताडपत्रावरील कृष्णगिरी : एका सचित्र बौद्ध पोथीतील कोकण

मध्ययुगीन सचित्र बौद्ध पोथ्यांचा विचार करताना नालंदा आणि नेपाळ ही नावे प्रथम पुढे येतात. मुंबईचा उल्लेख सहसा होत नाही. केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयातील ‘अष्टसाहस्रिका प्रज्ञापारमिता’ या ग्रंथाची पोथी (क्र. १६४३) मात्र आपणास थेट कान्हेरीला आणून सोडते. प्रस्तुत लेखात या पोथीच्या पुराव्याचे मोल तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

ही पोथी नेपाळ संवत १३५, म्हणजेच इ.स. १०१५ मध्ये नेपाळात लिहिली गेली. तिच्या अरुंद ताडपत्रांवर ऐंशीहून अधिक लघुचित्रे आहेत. मूळ ग्रंथ शून्यतेचे विवेचन करणारा संवाद असल्याने त्यातील प्रसंग चितारण्यास फारसा वावच नाही. चित्रांत येतात त्या निरनिराळ्या प्रदेशांतील पूज्य मूर्ती व स्तूप, आणि सोबत त्यांची नावे व स्थळे. आल्फ्रेड फूशे या फ्रेंच अभ्यासकाने १९०० मध्ये या चित्रनामांकडे विद्वानांचे लक्ष वेधले. त्यांत कोकणातील लोकनाथ आहे, तसेच कृष्णगिरीवरील ‘खड्गचैत्य’ही आहे. कृष्णगिरी म्हणजे कान्हेरी. दादरहून लोकलने बोरिवलीला उतरले की उद्यानातून थेट तेथे पोहोचता येते. ‘खड्ग’ म्हणजे येथे तलवार नव्हे, गेंडा. त्याच्या शिंगाप्रमाणे एकटा राहणारा तो प्रत्येकबुद्ध.

या चित्रावरून कान्हेरीच्या स्तूपाचे रूप ठरविण्याचा मोह टाळलाच पाहिजे. चित्रकाराने कोकण पाहिले असण्याचा संभव अल्प आहे आणि त्याचे स्तूप बव्हंशी ठरीव साच्याचे आहेत. पुरावा आहे तो नावाचा. कान्हेरीतील शिलाहारकालीन दानलेख इ.स. ८४३ ते ८७७ या काळातील आहेत. त्यानंतरचे ठळक लेख पहलवी लिपीतील असून ते इ.स. १००९ व १०२१ मध्ये तेथे आलेल्या पारशी मंडळींनी कोरले आहेत. या दोन वर्षांच्या मध्येच आपली पोथी येते. म्हणजे परधर्मीय प्रवासी ज्या काळी या लेण्यांत आपली नावे कोरून जात होते, त्याच काळी हिमालयाच्या पायथ्याशी हे स्थळ पूज्य मानले जात होते.

अर्थात कीर्ती म्हणजे वस्ती नव्हे. चित्रनामे एखाद्या जुन्या यादीवरून उतरविलेली असू शकतात. तेव्हा १०१५ मध्ये कान्हेरीत भिक्षुसंघ नांदत होता, असे केवळ या पोथीच्या आधारे म्हणता येणार नाही.