सिंदखेडचे जाधवराव : दोन दरबारांमधला सरदार

विलेपार्ल्यातून समृद्धी महामार्गाने विदर्भाकडे निघालेला प्रवासी जालना ओलांडून थोडा पुढे गेला की सिंदखेडराजा येते. बहुतेकांना हे गाव जिजाऊंचे माहेर म्हणून ठाऊक असते आणि दरवर्षी १२ जानेवारीला तेथे लोटणारी गर्दीही त्यासाठीच असते. गावातील लखुजी जाधवरावांच्या भव्य समाधीकडे मात्र 'जिजाऊंचे वडील' एवढ्याच ओळखीने पाहिले जाते. वास्तविक हयातीत लखुजी हे दख्खनच्या राजकारणातील वजनदार नाव होते. ते ज्या बाजूला जात ती बाजू जड होई, आणि नेमके हेच अखेर त्यांच्या जिवावर बेतले.

लखुजींच्या उमेदीचा काळ सोळाव्या शतकाच्या अखेरचा. १५३४ च्या तहानंतर पार्ल्यासह सारे साष्टी बेट पोर्तुगीजांच्या अमलाखाली गेले होते. घाटावर अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही नांदत होती. उत्तरेकडून मोगल सरकत होते. १६०० मध्ये त्यांनी अहमदनगरचा किल्ला घेतला, तरी मलिक अंबर या हबशी वजिराने नवा सुलतान गादीवर बसवून निजामशाही आणखी पाव शतक तगवली. हे तगणे बऱ्याच अंशी मराठा सरदारांच्या घोडदळावर अवलंबून होते.

या सरदारांचे बळ दोन गोष्टींतून येई. पहिली जहागीर. ठरावीक फौज बाळगण्याच्या बदल्यात सुलतान ती देई आणि मर्जी फिरली की काढूनही घेई. दुसरी गोष्ट वतन. परगण्याचा देशमुख सारावसुली करी, तंटे मिटवी, गावोगावच्या पाटलांना हाताशी धरी आणि त्याबद्दल उत्पन्नाचा हिस्सा घेई. हा हक्क वंशपरंपरेचा असल्याने गादीवरचा सुलतान बदलला तरी देशमुख सहसा बदलत नसे. लखुजींकडे सिंदखेडची देशमुखी होती, शिवाय भाऊबंदांसह हजारो स्वारांची फौज. त्यात आपण देवगिरीच्या यादवांचे वंशज असल्याचा घराण्याचा अभिमान. असा सरदार प्रत्येक दरबाराला हवाहवासा वाटतो आणि प्रत्येक दरबार त्याला मनातून भितोही.

रंगपंचमीच्या दिवशी लखुजींनी थट्टेने जिजाबाई व शहाजी यांचा जोडा जुळवला, मालोजी भोसल्यांनी तो शब्द धरून ठेवला, ही बखरीतील कथा सर्वश्रुत आहे. कथा रंजक असली तरी इतिहासकारांनी तिच्याविषयी शंका घेतल्या आहेत, आणि लखुजींचे राजकारण समजण्यास तिचा फारसा उपयोग नाही.

१६२१ मध्ये लखुजी निजामशाही सोडून मोगलांना मिळाले. मोगल तवारिखांत त्यांचा उल्लेख 'जादोराय' असा येतो. ते स्वतः, त्यांचे मुलगे आणि नातलग यांच्या मनसबींची बेरीज २४ हजार जात व १५ हजार स्वार इतकी सांगितली जाते. एका दख्खनी सरदाराच्या घराण्यासाठी हा भाव थक्क करणारा होता. १६२४ मध्ये अहमदनगरजवळ (आताचे अहिल्यानगर) भातवडीची लढाई झाली. त्यात सासरे मोगलांच्या छावणीत आणि जावई शहाजीराजे मलिक अंबरच्या फौजेत होते. विजय मलिक अंबरचा झाला. शहाजींचे धाकटे बंधू शरीफजी तेथे कामी आले.

आजच्या वाचकाला हे पक्षांतर सरळ फितुरी वाटेल, पण त्या काळाचे माप वेगळे होते. सरदाराची पहिली बांधिलकी आपले वतन, आपले घराणे आणि पदरची माणसे यांच्याशी असे. चाकरी हा करार होता आणि तो मोडताही येई. मोडण्याची किंमत मात्र कोणत्या क्षणी वसूल होईल याचा नेम नसे.

दूरच्या वेल्समध्ये याच किमतीचा एक दाखला सापडतो. १४८५ मध्ये रीस ॲप टॉमस या वेल्श सरदाराने हेन्री ट्यूडरला फौजेसह साथ दिली. हेन्री इंग्लंडच्या गादीवर बसला आणि रीसच्या हाती दक्षिण वेल्सचा कारभार आला. १५२५ मध्ये तो वारल्यावर त्याचे अधिकारपद नातवाला न देता आठव्या हेन्रीने एका इंग्रज उमरावाला दिले. नातू चिडला, तंटे वाढले, आणि प्राचीन वेल्श राजवंशाचा वारसा सांगण्यावरच बोट ठेवून १५३१ मध्ये राजद्रोहाखाली त्याचा शिरच्छेद करण्यात आला. जुन्या राजकुळाचे नाव लावणारा, स्वतःची फौज असलेला सरदार राजाला किती खुपतो, हे तेथेही दिसले. फरक इतकाच, की लंडनमध्ये निदान खटल्याचा देखावा झाला.

दौलताबादेत तोही झाला नाही. १६२६ मध्ये मलिक अंबर वारला. पुढे लखुजी पुन्हा निजामशाहीत परतले. परंतु एकदा शत्रूकडे जाऊन आलेला सरदार पुन्हा जाणार नाही कशावरून, हा संशय निजामशहाच्या मनातून गेला नाही. २५ जुलै १६२९ रोजी लखुजी मुजऱ्यासाठी किल्ल्यात गेले असता त्यांच्यावर हल्ला झाला. ते स्वतः, अचलोजी व राघोजी हे दोन मुलगे आणि नातू यशवंतराव तेथेच मारले गेले. दौलताबाद म्हणजेच देवगिरी; ज्या यादवांचा वारसा जाधव सांगत, त्यांचीच ती राजधानी.

एका संशयापोटी निजामशहाने आपलाच आधार तोडला. लखुजींचे बंधू जगदेवराव आणि पुत्र बहादूरजी मोगलांकडे गेले. शहाजीराजांचाही या दरबारावरचा विश्वास उडाला आणि १६३० मध्ये तेही काही काळ मोगलांच्या चाकरीत दाखल झाले. या हत्येनंतर सातच महिन्यांत, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. पित्याचा आणि भावांचा असा अंत जिजाबाईंनी गरोदरपणीच ऐकला असणार. हत्येचा हुकूम देणाऱ्या निजामशहाला पुढे दोन-तीन वर्षांत मलिक अंबरचाच मुलगा फतेखान याने ठार केले. १६३६ मध्ये निजामशाही कायमची बुडाली.

सिंदखेडची समाधी मात्र उभी आहे. २०२४ मध्ये तिच्या परिसरात संवर्धनाचे काम चालू असताना पुरातत्त्व खात्याला एका जुन्या मंदिराचे अवशेष आणि शेषशायी विष्णूची मोठी मूर्ती सापडली, तेव्हा काही दिवस हे गाव पुन्हा बातम्यांत आले होते.